बॅटरीचा एसी

नागपूरच्या उन्हाळ्यात आमच्या सबस्टेशनवर एसी होता, पण तो माणसांसाठी नव्हता. रेल्वेच्या तारांना वीज पुरवणाऱ्या त्या आवारात आम्ही चौघे पाणी आटलेल्या कूलरसमोर भाजत बसायचो, आणि पलीकडे पांढऱ्या कंटेनरमध्ये बॅटरी थंड हवा खात असायची.

तिचं काम मोठं होतं, हे मी नाकारत नाही. दोन मालगाड्या आणि एक एक्सप्रेस एकदम सुटल्या की विजेची मागणी ताडकन चढते, आणि महिन्यातली तीच सगळ्यात उंच मागणी धरून रेल्वेला आकारणी होते. तेवढी मिनिटं बॅटरीने साठवलेली वीज द्यायची, म्हणजे बाहेरून कमी ओढावी लागते. उद्घाटनाच्या दिवशी साहेब 'भरवशाची बॅटरी' इतक्यांदा म्हणाले की मला हसू आलं. माणसांबद्दल कधी कोणी तसं बोललेलं आठवत नाही.

बॅटरीची देखभाल एका कंत्राटी बाईंकडे होती. जरीपटक्याला राहणाऱ्या, डिप्लोमा झालेल्या. घरी आई अंथरुणाला खिळलेली, कमावणाऱ्या त्या एकट्याच. जूनमध्ये कंत्राट वाढतं की नाही, यावर त्यांचं सगळं घर टांगलेलं होतं. कंटेनरची किल्ली त्यांच्या सहीवर दिलेली, आणि दार बंद ठेवायची जबाबदारीही त्यांचीच.

मे महिन्यात एका दुपारी मला आवारातच चक्कर आली. त्यांनी मला धरून कंटेनरमध्ये नेलं, पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी मी डबाच घेऊन दाराशी उभा राहिलो.

"आजही चक्कर आली का, भाऊ?" त्या हसल्या, पण दार उघडलं.

बोट दिलं की हात धरायचा, ही आमची खोड. आठवड्याभरात चौघांचेही डबे बॅटरीच्या कपाटांमधल्या बोळीत उघडायला लागले. एकाने तर आमरसाचं पातेलं एसीच्या जाळीपुढे गार करायला ठेवलं. "दार लावत जा ना, भाऊ. काहून तिचा जीव घेऊन राहिले?" त्या रोज म्हणायच्या. आम्ही हो म्हणायचो आणि भाकरी मोडायचो.

एक दिवस सगळ्यात शेवटी मी बाहेर पडलो. बाई नोंदी करायला कंट्रोल रूममध्ये गेल्या होत्या. माझ्या दोन्ही हातांत डबे होते, म्हणून दार पायाने लोटलं. ते लागलं की नाही, हे मागे वळून पाहिलं नाही. झळा आत शिरत राहिल्या, एसीने हात टेकले. तासाभराने गाड्या एकदम सुटल्या, तेव्हा तापलेली बॅटरी स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप बंद पडली होती. मागणी महिन्याभरात कधी चढली नव्हती इतकी चढली.

चौकशी झाली. साहेबांनी मला विचारलं, "शेवटी आत कोण होतं?" त्या समोरच उभ्या होत्या. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं.

"मले माहीत नाही, साहेब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. कंत्राटी बाईच्या शब्दाला कोण विचारतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. जून उजाडायच्या आतच त्यांना घरी बसवलं. मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं, याचा मला आजही राग येतो.

निरोपाच्या दिवशी मला शाल-श्रीफळ मिळालं. "सबंध नोकरीत यांच्यावर एकही शेरा नाही," साहेब म्हणाले. मी नारळ छातीशी धरून ऐकत राहिलो.

आता मी शहराच्या टोकाला, बेसा भागात राहतो. इथली वीज फार जाते, म्हणून गेल्या महिन्यात इन्व्हर्टर घ्यायला जरीपटक्याच्या एका दुकानात शिरलो. काउंटरमागे त्याच होत्या. केस पांढरे झालेले. आई कशी आहे, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही.

"कुठं ठेवसान बॅटरी?" त्यांनी पावती लिहिता लिहिता विचारलं.

"जिन्याखालच्या कपाटात."

"बंद कपाटात नका ठेवू. हिले मोकळी हवा लागते." त्यांनी पावती फाडून माझ्यापुढे सरकवली. "हिचं दार उघडं राहिलं तरी कोणाची नोकरी जात नाही, भाऊ."