आईचे चार इंग्रजी शब्द

"ही बाजारातली भाषा वर्गात नको. इंग्लिशमध्ये सांग, नाहीतर खाली बस."

मी खाली बसले.

सहावीत होते. खाऱ्या पाण्यातून मीठ वेगळं कसं करतात, असं बाईंनी विचारलेलं. मला येत होतं. माझा आजा, म्हणजे आईचा बाप, जन्मभर खाडीकाठच्या मिठागरात राबलेला. त्याच्याबरोबर मी तिथे अनवाणी फिरलेले. म्हणून हात वर केला. तोंडातून आलं ते आगरीत, आमच्या घरच्या बोलीत आलं. "पानी उनान सुकतं नि मीठ खाली ऱ्हातं." वर्ग हसला. बाई मराठीच होत्या. त्याही हसल्या. मग मागच्या बाकावरच्या मुलीने तेच इंग्रजीत सांगितलं. माझंच उत्तर. तिला व्हेरी गुड मिळालं.

पाचवीपर्यंत मी पालिकेच्या मराठी शाळेत पहिली यायचे. माजिवड्याला आमच्या विकलेल्या शेतावर टॉवर उभा राहिला, हातात पैसा आला आणि बाबांना वाटलं, आता पोरगी इंग्रजी शाळेत गेली पाहिजे. तिथे मी ढ झाले. पेपरात प्रश्नच कळायचा नाही.

सहामाहीत विज्ञानात नापास झाले. बाईंनी आईला बोलावलं. आई नवी साडी नेसून आली. बाईंनी तिला बस म्हटलं नाही. घरी तुम्ही हिच्याशी ही भाषा बोलता म्हणून ती मागे पडते, उद्यापासून फक्त इंग्लिश, असं सांगितलं. आईला इंग्रजी येत नाही, हे बाईंना दिसत होतं. आईने मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून आई माझ्याशी बोलायची बंद झाली.

माझी आई. केस विंचरताना, मासळी साफ करताना तिचं तोंड चालू असायचं. कोणाची बकरी कोणाच्या वाडीत शिरली, कुठल्या मावशीचं सासूशी वाजलं, सगळं मला सांगायची. आता शेजारच्या पोरीकडून तिने चार शब्द पाठ केलेले. कम. ईट. स्लीप. गुड. मी घरी आले की कम. ताट वाढलं की ईट. कुत्र्याला बोलावतात तसं. माझ्या भल्यासाठी.

मला राग यायचा. बाईंचा नाही. आईचा. ते आठवलं की अजून जीव जळतो.

एका दुपारी शाळेतून आले तर आई उंबऱ्यात उभी. डोळे सुजलेले. ओठ हलले, थांबले. ती शब्द शोधत होती. मग म्हणाली, "आजा... स्लीप."

मी दप्तर टाकलं. "आये, आपल्या भाषेन बोल."

"नको. बाई नको बोलल्यान. तू नापास होशील."

तिचा बाप मेला होता. आणि माझ्यासमोर मोकळं रडायचीही तिला चोरी होती.

चार दिवसांनी शाळेत गेले. बाईंनी गैरहजेरीचं कारण विचारलं. मी उभी राहिले आणि आगरीतच सांगितलं, माझा आजा मेला. बाई म्हणाल्या, इंग्लिश.

"नाय बोलनार."

वर्ग हसला नाही. बाईंनी बाहेर जायला सांगितलं. मी दप्तर घेऊनच निघाले. पुन्हा त्या वर्गात पाय ठेवला नाही. बाबा ओरडले, दोन फटकेही दिले. शेवटी दाखला काढून आणला.

मराठी शाळेत माझे मार्क परत आले. आई पूर्ण परत आली नाही. आजही माझ्याशी बोलता बोलता मधेच थांबते. काहीतरी चुकल्यासारखी बघते. मी काही म्हणायच्या आधीच आत निघून जाते.

माझी मुलगी आता शाळेत जाईल. इंग्रजी ती शिकेल, मी स्वतः शिकवीन. पण त्यासाठी घरातली भाषा गिळून टाका असं जी शाळा सांगेल, तिथून मी पोरीला त्याच मिनिटाला उचलून आणीन. हात जोडणार नाही. कारणं देत बसणार नाही.