मोटारीतलं टोरीचं तेल

माझं नाक तिखट आहे. ही फुशारकी नव्हे. भात तळाला लागायच्या आधी या पोरीला कळतं, हे माझ्या सासूनेसुद्धा लग्नानंतर महिनाभरातच कबूल केलं होतं, आणि माझी सासू सहजासहजी काही कबूल करणारी बाई नव्हती. पण घरात कबूल झालेलं चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, बाजारात चालत नाही, हे मला एका हिवाळ्यात कळलं. अजून आठवलं की माझी कानशिलं तापतात.

सन पन्नासनंतरची वर्षं होती. माझा नवरा आलापल्लीच्या जंगलातून सागाचे लठ्ठे बल्लारशाच्या रेल्वेपर्यंत न्यायचा. ट्रक ठेकेदाराचा. लढाईत वापरून झालेला, लिलावात घेतलेला, समोरून हँडल मारून हात दुखवल्याशिवाय जागा न होणारा. आमच्या गावात ड्रायव्हर म्हणावा असा हा एकटाच. बाकीचे भाऊबंद धानाच्या बांधीत राबायचे नाहीतर तलावात जाळं टाकायचे. गाडीवर बसणारा म्हणून लोक त्याला वाटेत थांबवून रामराम करत, आणि आमच्या घरातली पाच माणसं त्या गाडीवर जेवत.

त्या थंडीत मला डोळे दाखवायला चांद्याच्या सरकारी दवाखान्यात जायचं होतं, म्हणून मी ट्रकमधून गेले. दवाखाना आटोपल्यावर नवऱ्याने गाडी चांद्याच्या कोटाच्या दरवाज्याबाहेरच्या एका नव्या दुकानाकडे घेतली. जमिनीत लांब खड्डा खणलेला. खड्ड्याच्या दोन्ही अंगांना चाकं ठेवून ट्रक उभा करायचा, खालचा माणूस जुनं तेल सोडायचा आणि तुमचा चहा संपायच्या आत नवं तेल घालून मोकळा. ड्रायव्हर लोकांना त्या दुकानाचं भारी कौतुक होतं.

तेल निवडायचं काम ड्रायव्हरचं. इंजिनाचं बरंवाईट तुझ्या डोक्यावर, असं ठेकेदाराने बजावलेलं होतं. दुकानदाराने तीन पिंपांतलं तेल तीन वाट्यांत काढून समोर मांडलं. आता आमच्याकडे जाड म्हणजे चांगलं. पेज जाड असली की घर खाऊनपिऊन सुखी. वरण जाड असलं की पाहुण्याचा मान राहिला. पातळ वाढलं तर लोक महिनाभर बोलतात. नवऱ्याने तोच न्याय इंजिनाला लावला. वाटीत बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं, वर धरून पाहिलं. पहिली दोन तेलं भरभर ओघळली. तिसऱ्याची तार बोटाला लोंबत राहिली. त्याने तीच वाटी पुढे सरकवली.

मी बाजूलाच उभी होते. त्या वाटीतून सरळ माझ्या माहेरच्या दिव्याचा वास आला. मोहाच्या बियांना आम्ही टोरी म्हणतो. लहानपणापासून मी टोरी फोडली, वाळवली, तिचं तेल काढलं, त्या तेलात वडे तळले, भेगाळलेल्या टाचांना ते चोळलं. तो वास मला कळणार नाही? आणि टोरीचं तेल थंडीत थिजतं, हेही आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा. सकाळी मडक्यात पांढरा गोळा होतो, चुलीशी ठेवलं तरच सुटतो.

मी नवऱ्याला म्हटलं, "अजी, याच्यात टोरीचं तेल हाये. म्हणूनच जाड दिसून राह्यलं. थंडीत थिजन हे."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग बाकड्यावर चहा पीत बसलेल्या ड्रायव्हरांकडे. मी दवाखान्यात कशाला आले होते ते नवऱ्याने आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. "डोळे दाखवाले आली, अन् नाक चालवून राह्यली," दुकानदार म्हणाला. सगळे खो खो हसले. मग एकेकाला कंठ फुटला. हे काय वांग्यात टाकायचं तेल आहे, बाईने इंजिन कधी आतून पाहिलं आहे, वगैरे वगैरे. मला वाटलं, नवरा निदान एकदा वाटी नाकाशी नेईल. काय जात होतं त्याच्या बापाचं? पण त्याचेही कान लाल झाले होते. "चूप राय वो," एवढंच तो मला म्हणाला, आणि तेच तेल घातलं.

वर त्याच तेलाचा एक डबा घेतला. जंगलात तेल कमी पडलं तर कोण देणार, म्हणून सगळेच ड्रायव्हर सीटखाली एक डबा ठेवत. हिंदकळून सांडू नये म्हणून दुकानदार डब्याचं तोंड कथलाने झाळून बंद करून द्यायचा, आणि झाळावर आपला ठप्पा मारायचा.

चार दिवसांनी कडाक्याची थंडी पडली. सकाळी भरलेला ट्रक हँडल मारून मारून कसाबसा सुरू झाला, कोसभर गेला, आतून खडखड वाजायला लागला आणि जाम होऊन बसला. डेपोतल्या मिस्त्रीने खालचं झाकण उघडलं तर तेलाच्या जाळीवर पांढरा थर. त्याने बोट लावलं, हुंगलं आणि म्हणाला, टोरीचं तेल.

मला वाटलं, सुटलो, खरं बाहेर आलं. कसचं काय. ठेकेदाराने सरळ नवऱ्यावर बोट ठेवलं. याने दुकानातलं चांगलं तेल वाटेत विकून खाल्लं आणि घरचं टोरीचं तेल इंजिनात ओतलं. याची बायको तेल काढते हे साऱ्या गावाला ठाऊक आहे, मग आणखी पुरावा कशाला हवा? उद्यापासून गाडीवर यायचं नाही. आणि सिंदेवाहीपासून सिरोंच्यापर्यंत प्रत्येक ठेकेदाराला हा माणूस चोर आहे म्हणून कळवतो, असंही त्याने चारचौघांत सांगितलं. तसं झालं असतं तर माझ्या नवऱ्याला जन्मात कोणी गाडीला हात लावू दिला नसता.

माझा किती तिळपापड झाला ते काय सांगू. ज्या तेलाचं नाव घेतलं म्हणून मला गप्प बसवलं, त्याच तेलाने मी चोराची बायको ठरले. नवरा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडला. मी विचारलं, डबा कुठे आहे? सीटखालीच होता. झाळलेला, न उघडलेला. मग उठा, म्हटलं, मालकासमोर फोडू. तर हा म्हणतो, "फोडला अन् चांगलं तेल निघालं त?" अजूनही त्याचा माझ्यावर विश्वास बसत नव्हता. इंजिन बसलं, नोकरी गेली, अब्रू गेली, तरी बसत नव्हता. "नाई निघत," मी म्हटलं आणि स्वतः चालत जाऊन ट्रकमधून डबा काढून आणला. रात्रभर तो अंगणात दवात ठेवला आणि उजाडताच डोक्यावर घेऊन ठेकेदाराच्या दारी गेले. नवरा मागून आला.

मिस्त्रीला बोलावणं गेलं. त्याने डबा फिरवून फिरवून पाहिला. झाळ शाबूत होता, ठप्पा दुकानाचाच होता. मग छिन्नीने तोंड कापलं. वरपर्यंत पांढरं, थिजलेलं. ठेकेदार स्वतः वाकला आणि त्याने वास घेतला. चांद्याला नवऱ्याने एवढं केलं असतं तर हे काही घडलंच नसतं.

ठेकेदार सरळ झाला. मग त्याने नवऱ्याला विचारलं, "कोणाच्या ध्यानात आलं हे?"

मी तिथेच होते. डबा वाहून माझा पदर तेलकट झाला होता.

"माह्याच, मालक," नवरा म्हणाला.

ठेकेदाराने त्याच्या पाठीवर थाप मारली. इंजिन दुरुस्त करून घेऊ, गाडी तुझीच, म्हणाला. डोकं आहे तुला. यापुढे माझ्या तिन्ही गाड्यांचं तेल तूच निवडायचं. नवऱ्याने खाली वाकून नमस्कार केला, आणि मी रिकाम्या हातांनी पायऱ्या उतरले.

अर्ध्या वाटेत मी त्याला अडवलं. खोटं काऊन बोलले, म्हणून विचारलं. तो चिडेल असं वाटलं होतं. चिडला नाही. खाली बघत हळूच म्हणाला, "बायकोनं सांगतलं होतं अन् म्या आयकलं नाई, असं म्हणलो असतो, त त्यानं मले गाडीवर ठेवलं असतं काय?"

घरापर्यंत चालताना मी त्याचा हिशोब केला. ठेवलं नसतं. बायकोपुढे ज्याची अक्कल कमी पडली त्याच्या हातात कोण ट्रक देतो? पाच माणसांचं जेवण त्या खोट्यावर होतं, म्हणून मी पुढे कोणाजवळही तोंड उघडलं नाही. आता तो नाही, ठेकेदारही नाही, आणि ज्याला सांगावं असं कोणी उरलं नाही तेव्हा मी हे सांगते आहे.