उघडा कान

सुमा, माझी मुलगी, क्लबमध्ये डीजे आहे. दुपारी ती खोलीत बारीक आवाजात सराव करत होती, तेव्हा मी दारातून बघत राहिले. यंत्रावरची बटणं ती इतकी हळू फिरवत होती, की तान्ह्या बाळाला न्हाऊ घालणारे हात आठवले.

आठ वर्षं ती हे काम करते. गावोगावचे क्लब तिला बोलावतात, आणि मी तिला एकदाही लोकांसमोर वाजवताना पाहिलेलं नाही. न पाहिलेल्या गोष्टीची माणसाला इतकी लाज कशी वाटते? माझी शाळा चौथीत सुटली, तिचं काम मला नीट समजावून सांगता येत नाही, हे खरं. पण मी सांगत नाही ते त्यामुळे नव्हे.

तेवढ्यात शेजारच्या काकू डबा परत द्यायला आल्या.

"सुमा दुपारची घरीच? नोकरी सोडली की काय गं?"

"नाही हो काकू, कॉम्प्युटरवर काम असतं तिचं."

सुमाने हेडफोन लावलेला, म्हणून मी बिनधास्त बोलले. काकू गेल्यावर पाहिलं, तर तो एकाच कानावर होता. पुढचं गाणं एका कानात ऐकायचं आणि चालू गाण्यासाठी दुसरा मोकळा ठेवायचा, अशी डीजे लोकांची पद्धत असते.

ती चिडली नाही. म्हणाली, "आई, मला कुणी विचारलं तर मीही कॉम्प्युटरच सांगू ना?"

नको म्हणायचं होतं. मी हो म्हटलं.