ताणावर सोडलेली बाग

आमचा टेम्पो सांगलीहून भरून आला आणि त्याच दुपारी भरूनच परत निघाला. आमची कपाटं, गाद्या, डबे उतरले आणि रामरावकाकांचं सामान त्यात चढलं. वाटूरजवळची ही मोसंबीची बाग त्यांनी उभं आयुष्य घालून वाढवलेली. काकू गेल्यावर एकट्याला जमेना, म्हणून ते पुण्याला मुलाच्या फ्लॅटवर चालले होते. आणि कुंडीतल्या गुलाबापलीकडे कधी काही न लावलेले आम्ही नवरा-बायको ती बाग विकत घेऊन बसलो होतो.

काका ड्रायव्हरशेजारी चढून बसले आणि लगेच पुन्हा उतरले. विहिरीजवळ काकूंनी लावलेला औषधी वाफा होता. गवती चहा, पुदिना, ओवा, अडुळसा. तो दाखवून म्हणाले, "हिकडं रोज पाणी द्या. मोसंबीला मात्र डिसेंबरात महिनाभर थेंब न्हाई. बिलकुल न्हाई. ताण बसला तरच बहार फुटतो, माय." मी मान डोलावली. टेम्पो फाट्याकडे वळला तेव्हा मला रडू आलं. खरं सांगते, काकांसाठी नाही. तो टेम्पो सांगलीच्या बाजूला चालला होता आणि मी त्यात नव्हते.

बागेची हौस माझ्या नवऱ्याची, अविनाशची. पण तो सकाळी जालन्याला कारखान्यात जायचा तो अंधार पडल्यावर यायचा, त्यामुळे हौस त्याची आणि बाग माझ्या वाट्याला. सांगलीत जिन्यात चार जणींशी बोलल्याशिवाय दूधसुद्धा घरात यायचं नाही. इथे कुकरशी बोलायची वेळ आली. गावातल्या बायका चांगल्या होत्या, पण त्यांच्यासाठी मी 'रामरावच्या बागेतली बाई'. माझं नाव कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दुपारी मी फोनवर सांगलीच्या सोसायटीचा ग्रुप उघडून बसायचे आणि कचऱ्याच्या गाडीवरून चाललेली भांडणंही शेवटपर्यंत वाचायचे.

डिसेंबर आला. पाणी बंद केलं. आठवड्यात मोसंबीची पानं मलूल झाली, मग पिवळी पडून गळायला लागली. आमची आई दारात कुणीही आलं तरी एकच सांगायची, "आधी पाणी दे, मग बोल." पोस्टमन असो, मांजर असो, भांडून आलेली शेजारीण असो. त्या घरात वाढलेली मी रोज हातात पाइप धरून ओवा-पुदिन्याला भिजवत होते आणि वीस पावलांवर झाडं माना टाकून उभी होती. माझा जीव तीळतीळ तुटायचा. अठराव्या दिवशी मी मोटर चालू केली आणि ठिबकचा कॉक फिरवला. अविनाशलाही सांगितलं नाही. इथे आल्यापासून पहिल्यांदा त्या रात्री मला गाढ झोप लागली.

जानेवारीत झाडं नव्या पालवीने अशी हिरवीगार झाली की मी फोटो काढून सांगलीला पाठवले. तेच फोटो कौतुकाने मंठ्याच्या खताच्या दुकानात दाखवले. दुकानदार म्हणाला, "ताण तुटला की बाई. आता वर्षभर पालाच बघा." आजूबाजूला सगळी कपाशी आणि तूर, त्यामुळे मोसंबीचा बहार कसा असतो हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. एवढी जुनी, जिवंत बाग पहिल्याच वर्षी मी गप्प केली होती.

आणि दर रविवारी काकांचा फोन. "फुटला का बहार?" "हो काका, छान फुटलाय. झाडं पांढरी झालीत." पुढच्या रविवारी मी फळं बसली म्हणून सांगितलं, त्याच्या पुढच्या रविवारी ती वाटाण्याएवढी झाली. एकदा सुरू केलं की खोटं आपोआप वाढतं, त्याला पाणी लागत नाही.

मग मंठ्याला एका लग्नासाठी म्हणून काका आले आणि न सांगता बागेत येऊन उभे राहिले. मी आधी पाणी दिलं. तांब्या खाली ठेवायच्या आत म्हणाले, "चल." झाडांमधून आम्ही चाललो. कुठेच फळ नव्हतं. मला उभ्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "काका, मी खोटं बोलले."

"ठावं हाय. पहिल्याच फोनला कळलं मला."

"कसं?"

"बहार आला की माणूस आधी वासाचं सांगतंय. तू रंगाचं सांगून राह्यली होती. वासाचं एक डाव बी न्हाई."

"मग दर रविवारी विचारत का होता?"

काका एका झाडाला हात लावून उभे होते. "तिथं विचारायला दुसरं हाय काय माझ्याजवळ?" म्हणाले. जाताना काकूंच्या वाफ्यातला गवती चहा तोडून घेतला आणि माझं नाव विचारलं.

यंदा डिसेंबरात मी कॉकला चिंधी बांधून ठेवली. आईचा फोन आला, "झाडांना पाणी देतेस ना गं?" मी हो म्हटलं. आईशी मी पहिल्यांदाच खोटं बोलले, आणि पस्तीस दिवस पानं गळताना नुसती बघत बसले. मग हलकं पाणी सोडलं.

परवा सकाळी कपडे वाळत घालत होते. हातातली ओली चादर तशीच राहिली. आधी वाटलं, कुणी अत्तर लावून आलंय. मागे वळले तर कुणीच नव्हतं, नुसती बाग होती. धावत जाऊन फोन लावला. रिंग वाजायला लागल्यावर लक्षात आलं, की मी सांगलीला लावलेलाच नाही.

"काका, वास..." एवढंच तोंडातून निघालं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांब सुनंदा," काका म्हणाले. "मला बसू दे. हां. आता सांग."