मामाचं रेग्युलेटर आणि मारेगावकडची विहीर

माझा मामा नौदलात पाणबुड्या होता. निवृत्त होऊन यवतमाळला परतला तेव्हा त्याच्या लोखंडी पेटीत कपड्यांखाली दोन जुनी रेग्युलेटरं होती. पाण्याखाली जाणाऱ्याच्या पाठीवर हवेचं सिलिंडर असतं. त्यात ठासून भरलेली हवा श्वासापुरती सौम्य करून तोंडापर्यंत पोचवतं ते रेग्युलेटर. एक भाग सिलिंडरच्या तोंडावर, दुसरा माणसाच्या, मधे रबरी नळी. मामानं ती जहाजाच्या भंगारातून उचलली होती. पितळ हिरवं पडलेलं, रबर बोट लावताच चुरा होई.

"मले दुरुस्त करून दे," तो म्हणाला. "इथं हरेक विहिरीत काही ना काही अडकून पडलं आहे. मी उतरीन."

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत माझी पत्र्याची शेड होती. आयटीआय करून मी वेल्डिंगच्या गॅसची रेग्युलेटरं आणि फवारणीचे पंप दुरुस्त करायची. कापसाची ती वाईट वर्षं. जिनिंग मिल बंद पडत होत्या, मोडलेला पंप घरच्या कोपऱ्यात तसाच पडून राही, माझ्यापर्यंत येत नसे. माझा थोरला भाऊ रोज एकच सांगायचा, शेड बियाण्याच्या दुकानाला भाड्यानं दे. टेबलावर ती रेग्युलेटरं पाहून तर तो भडकलाच.

"यवतमाळले समुद्र कुठं आहे? कायले येड्यावानी करून राह्यली?"

पाणबुड्यांचं सामान विकणाऱ्या मुंबईच्या एका दुकानाला मी फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, हे मॉडेल केव्हाच बंद झालं, फेकून द्या, तुम्ही त्याला हात लावू नका. मी फोन ठेवला आणि पाना उचलला.

सगळं खोलून पितळेचे भाग पातळ व्हिनेगरमध्ये बुडवले. हिरवा थर सुटून खालचा रंग दिसायला लागला, तेव्हा मी एकटीच हसले. दोन्हींतले बरे भाग घेऊन एक उभं करायचं ठरवलं. सांध्यांत बसवायच्या रबरी ओ-रिंगा नागपुरात हायड्रॉलिकचं सामान विकणाऱ्याकडे मापानं मिळाल्या. आतला रबरी पडदा मात्र कुठेच मिळेना. भाऊ म्हणाला, सायकलची ट्यूब कापून बसव, कोणाले कळते? मी म्हटलं, तू तोंडात धरून खाली जाशील का? शेवटी मामाच्या एका जुन्या सोबत्यानं कोचीनहून पडदा धाडला, सोबत हवेचं सिलिंडरही.

उन्हाळ्याच्या तोंडावर शेडसमोर जीप थांबली. मारेगावकडच्या एका गावचा सरपंच होता. पिण्याच्या विहिरीतली मोटार पाइपासकट तुटून तळाला गेली होती, गळ टाकून निघत नव्हती. मामाचं नाव त्याच्या कानावर गेलं होतं.

"आत्ताच चला," तो म्हणाला.

रेग्युलेटर टेबलावर सिलिंडरला जोडलेलंच होतं. मी हवेचा दाब दाखवणाऱ्या मीटरकडे बोट दाखवलं. काटा एका जागी थांबायला हवा होता, तो हळूहळू वर सरकत होता. आतून हवा निसटत होती.

"हे आज जाणार नाही."

"बाई, गाव तहानेनं मरून राह्यलं!"

"दे न," मामाही म्हणाला. "फसफसलं तर मी वर येईन. असं कितीदा झालं."

"मामा, तुले उतरायचं असन तर दुसऱ्याचं रेग्युलेटर शोध. माझ्या टेबलावरून हे असं जाणार नाही."

सरपंच तणतणत गेला. जाताना बाहेरच्या चहाच्या टपरीवर सांगून गेला की या बाईला काही येत नाही. 

मी पुन्हा खोललं. हवा अडवणारी चकती एका बाजूनं खाचली होती आणि ती जिथे टेकते त्या कडेवर बारीक ओरखडा होता. कडा घासून गुळगुळीत केली, चकती उलटून बसवली. काटा थांबला. जेवून आले तरी तिथेच होता.

मग ते मी स्वतःच्या तोंडात धरलं. मावशीच्या शेतातल्या विहिरीत, मामानं कमरेला दोर बांधून मला खाली सोडलं. डोकं पाण्याखाली गेलं तेव्हा श्वास घ्यायला छाती तयारच होईना. घेतला. हवा आली. वर आल्यावर मामानं माझ्या डोक्यावर टॉवेल टाकला.

आम्ही आपणहून त्या गावाला गेलो. विजेची लाईन काढायला लावली, मामा काठावर बसून सिलिंडरचे पट्टे आवळत होता. तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं सरपंचाला बाजूला घेतलं, पण आवाज आम्हाला ऐकू येईल असाच ठेवला.

"पिण्याची विहीर आहे. दुसरा माणूस पाहा न."

आम्ही कोण, हे त्याला मामाच्या आडनावावरून कळलं होतं.  मामा पट्टे आवळतच राहिला.

"दुसरा असन तर आणा," तो म्हणाला. "मी इतके वर्षं समुद्रात उतरलो. कोणं नाही म्हटलं का समुद्र बाटला म्हणून."

 घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायांतली एक पुढे आली आणि म्हाताऱ्याला म्हणाली, "बाबाजी, मंग तुम्ही उतरा." बाया हसल्या. मामा उतरला.

बुडबुडे एकाच जागी वर येत राहिले. मी त्यांच्यावरची नजर हलवली नाही. मग खाली सोडलेल्या साखळीला हिसका बसला, माणसांनी ओढायला घेतलं आणि चिखलानं भरलेली मोटार वर आली.

सरपंचानं लगेच विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायला सांगितली.

"गाळ ढवळला म्हणून, का आम्ही उतरलो म्हणून?" मी सगळ्यांदेखत विचारलं.

तो जीपकडे वळला. मी त्याच्यामागून तोच प्रश्न पुन्हा विचारला. तो जीपमध्ये चढला, पण प्रश्न सगळ्या गावानं ऐकला.

पुढच्या उन्हाळ्यात मामाच्या कानानं दगा दिला आणि डॉक्टरनं पाण्याला मनाई केली. तोवर त्यानं मला उतरायला शिकवलं होतं. वणीच्या बाजूच्या एका विहिरीवर लोक मामाची वाट पाहत होते. मी पट्टे चढवले तेव्हा कुणीतरी म्हणालं, "बाई उतरन?"

मी रेग्युलेटर दातांत धरलं होतं. मान डोलावली आणि उतरले.