एडनचा चार्ज

इंग्रज अरबस्तानच्या किनाऱ्यावरचे एडन सोडतील तेव्हा किल्ल्या कुणाच्या हातात देतील, हे तुम्ही कधी स्वतःला विचारले आहे का? मी विचारले नव्हते. त्या विषयावर सोळा पानांची पुस्तिका मात्र लिहिली होती.

तिचे दोन गठ्ठे घेऊन मी धुळ्याहून एस.टी.ने निघालो. पारोळ्यापर्यंत दोन्ही बाजूंना वेचणी संपलेला कापूस होता. एरंडोलला गाडी बदलताना टपावरून एक गठ्ठा उतरला; दुसऱ्याच्या जागी वांग्यांची पाटी उतरली. माझी अर्धी क्रांती जळगावला गेली.

धरणगावच्या वाचनालयात अकरा श्रोते होते. ‘इंग्रजांनी आजच्या आज चालते व्हावे,’ या वाक्याला टाळ्या पडल्या. मग निवृत्त तलाठी असलेले नाना उठले.

“ते जातस, पन चार्ज कोन लेस?” (घेतो कोण?)

मी म्हणालो, “जनता.”

“जनता सही कोठे करस?”

लोक हसले. नानांनी शांतपणे सांगितले, की तलाठ्याची बदली झाली की दप्तराची यादी होते, मोडके कपाटसुद्धा तीत लिहितात. “लेनारानी सही व्हयनी का मंग देनारा सुटस.”

“नाना, हे इतिहास ठरवील.”

“इतिहास कोन्ता कचेरीमा बसस?”

सभा संपली. जेवायला नानांकडेच होतो. भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) पुढे आली. नानांनी कोनाड्यातून एक पत्र काढले. त्यांचा मुलगा एडनच्या बंदरात कारकून आहे. साहेब जाणार हे ठरले आहे. येणारे कोण, ते ठरलेले नाही. आता परतलो तर नोकरी जाते, थांबलो तर जिवाचा भरवसा नाही; काय करू, असे त्याने वडिलांना विचारले होते. उत्तरासाठी आणलेल्या निळ्या विमानपत्रावर ‘चि. यास आशीर्वाद’ एवढेच लिहिलेले होते.

“तुम्ही पुस्तक लिखेल शे. सांगा, काय लिखू?”

मी घसा साफ केला.

“भरीत थंडं व्हयनं,” नानांच्या पत्नी अक्का वाढता वाढता म्हणाल्या. “पहिले जेवी ल्या. भाषन मंग.”

जेवलो. भाषण काही आले नाही. “नाना, मला ठाऊक नाही,” असे म्हणालो. त्या दौऱ्यात आवाज न चढवता बोललेले माझे ते पहिलेच वाक्य. नानांनी मान हलवली आणि पत्र पुन्हा कोनाड्यात ठेवले.

परतीच्या गाडीत उरलेल्या प्रतींच्या नवव्या पानावर, ‘चालते व्हावे’च्या खाली, मी शिसपेन्सिलीने ‘कोन लेस?’ असे लिहीत बसलो. इंग्रजांनी जावे, हे माझे मत तसूभरही बदललेले नाही. पण यादी न करता पळून जाणाऱ्याला आपण टाळ्या वाजवून वाट करून देत होतो, हे आता कळते.

तुमच्या ओळखीत अलीकडे एडनहून परतलेले कुणी असेल, तर तिथे सही कोण करणार आहे, हे त्यांना विचारून मला कळवा. पोस्टकार्ड पुरे. नानांनी उत्तराच्या त्या निळ्या विमानपत्राला अजून डिंक लावलेला नाही.