अण्णांची डबलसीट

आमच्या सायकल ग्रुपचे किस्से कुणी लिहून ठेवत नाही, पण ते साठत जातात. प्रत्येक घरात एक ड्रॉवर असतो ना, जुने चार्जर आणि कुठल्या कुलपाच्या ते माहीत नसलेल्या किल्ल्या भरलेला? तसंच. एकदा उघडला की बंद होत नाही. परवा दोह्यात, अल मुंतझाला माझ्या घरी भेळेला जमलो होतो. कुणीतरी नुसतं "अण्णा" म्हटलं, आणि भेळ मऊ पडली तरी किस्से संपेनात!

मंडळी मोजकीच. मी मिलिंद, नाशिकचा. केदार पुण्याचा, आयटीतला, दोन वर्षांच्या काँट्रॅक्टवर आलेला. त्याला सायकलपेक्षा सायकलवरच्या स्क्रीनमध्ये जास्त रस. आणि अण्णा कानिटकर. वय सत्तावन्न, गॅस प्लँटच्या पाइपिंग डिझाइनमध्ये वीस वर्षं. अण्णांच्या पत्नी मंगलवहिनी शाळेत गणित शिकवतात. त्या आयुष्यात सायकलवर बसलेल्या नाहीत, तरी ग्रुपच्या खऱ्या लीडर त्याच.

एका शुक्रवारी राइड संपवून आम्ही करक चहा पीत उभे होतो. अण्णा सहज सांगावं तसं म्हणाले, की डोळ्यांची कडेची नजर चाललीय. मधलं स्वच्छ दिसतं, पण ते मधलं वर्तुळही लहान लहान होत जाणार. कधीपर्यंत टिकेल, ते डॉक्टरही सांगत नाहीत.

 

मग अण्णाच म्हणाले, "अरे, आयुष्यभर कागदावर पाइप काढले, आता पाइपमधून बघायचं. प्रमोशनच झालं म्हणायचं!"

मग ते हळूच म्हणाले, "एकदा डोंगरातलं मोठं तळं बघायचंय रे. सायकलवरून. दिसतंय तोवर."

केदार घरातल्या ट्रेनर-स्टँडवर सायकल लावून, टीव्हीवर ऑस्ट्रियातल्या तळ्यांचे रस्ते बघत घाम गाळायचा. त्याच दुपारी त्याने ग्रुपवर मॅप टाकला. सप्टेंबर ठरला.

* * *

आता अण्णा एकटे सायकल चालवणार कशी? देश सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाकडून आम्ही दोघांची सायकल घेतली. पुढे एक सीट, मागे एक, पेडल दोघांना, हँडल पुढच्याला. दुकानदार तिला टँडेम म्हणाला. अण्णा म्हणाले, "टँडेम कसली? डबलसीट म्हण! पुण्यात ह्यासाठी पोलिसाने माझ्या चाकातली हवा सोडली होती."

पुढे मी, मागे अण्णा. पहिली राइड अल थुमामाच्या गल्ल्यांतून. अण्णांना पुढचं काही कळत नाही, म्हणजे मी सगळं आधी सांगायला हवं. डावीकडे वळतोय, ब्रेक मारतोय, पेडल थांबवा. सगळं सांगितलं. फक्त एक स्पीडब्रेकर सांगायचा राहिला.

अण्णा सीटवरून उडाले आणि बरोब्बर सीटवरच पडले.  

मग मागून शांत आवाज आला, "मिलिंद, ड्रॉइंग रिवाइज केलंस तर आम्हाला इश्यू पण करत जा!"

* * *

एकदा अल रुवैसपर्यंत गेलो. थेट उत्तरेला, आणि वारा समोरून. शेवटच्या टप्प्यात आम्ही इतके हळू चाललो होतो की एक पिकअप आमच्या बाजूने चालत चालत यायला लागली. आत एक म्हातारे कतारी गृहस्थ, मागे मासेमारीची जाळी. त्यांनी गाडी थांबवली, आम्हाला थांबवलं, खजुराचा डबा पुढे केला. मग सायकलभोवती एक चक्कर मारली.

"हा मागचा," अण्णांकडे बोट दाखवत त्यांनी इंग्लिशमध्ये विचारलं, "ह्याला हँडल का नाही?"

डोळ्यांचं कसं सांगायचं, ह्या विचारात मी अडकलो. केदारने ठोकून दिलं, "ही इज मुदीर." मुदीर म्हणजे इकडचा मॅनेजर, साहेब.

म्हातारबुवांना एकदम पटलं! "आ, मुदीर! मुदीर ऑलवेज सिट बिहाइंड." आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "यू वर्क. यल्ला!" म्हणजे, तू राब, चल निघ!

त्या दिवसापासून माझ्या फोनमध्ये अण्णांचा नंबर 'मुदीर' नावानेच आहे.

* * *

कतारमध्ये वारा भरपूर, पण चढ नाही. आणि ऑस्ट्रियात तर चढ असणार. केदार म्हणाला, चढाची प्रॅक्टिस पार्किंगच्या रॅम्पवर करू. अल मुंतझात एक पाच मजली पार्किंग आहे, शुक्रवारी सकाळी रिकामं. आम्ही गोल गोल वर जायचो, गोल गोल खाली यायचो. अण्णा मागून मजले मोजायचे.

तिथला वॉचमन नेपाळी, अतिशय सज्जन माणूस. पहिल्या फेरीला त्याने सलाम केला. चौथ्या फेरीला नुसतं बघितलं. नवव्या फेरीला बिचारा मधे येऊन हात जोडून उभा राहिला.

"साहब, सब खाली पड़ा है। कहीं भी लगा दो!"

* * *

वहिनी आधी येणार नव्हत्या. "मी आले तर तुम्ही मलाच सांभाळत बसाल," म्हणाल्या. निघायच्या आठवड्यात त्यांनी विचार बदलला. "तुम्ही दोघं ह्यांना भिजवून, उपाशी ठेवून परत आणाल. मी येते. तुम्ही सायकलने जा, मी बसने पुढच्या गावात पोचते. सामान माझ्याकडे." सामान म्हणजे निम्मं खाणंच होतं. एक अख्खी बॅग तिखटमिठाच्या पुऱ्यांची!

ऑस्ट्रियात पहिल्याच दिवशी आम्ही दोह्याच्या सवयीने पहाटे साडेचारला उठलो. इथे कतारमध्ये ऊन चढलं की खलास, त्यामुळे अंगवळणीच पडलंय. उन्हासाठीच्या पांढऱ्या बाह्या चढवल्या, सनस्क्रीन फासलं. केदारने सहा लिटर पाणी पाठीवर घेतलं. जिना उतरताना खडखडाट झाला, आणि गेस्टहाउसच्या मालकीणबाई गाउनमध्ये धावत बाहेर आल्या.

"आग कुठे लागलीय?"

"आग नाही," केदार म्हणाला. "सन इज कमिंग."

बाईंनी दार उघडून दाखवलं. बाहेर चार डिग्री, मिट्ट काळोख, धुकं. त्या म्हणाल्या, "इथे आम्ही सूर्याची वाट बघतो. कधी कधी तीन तीन दिवस!"

आम्ही मुकाट्याने वर जाऊन परत झोपलो. नंतर कळलं की तिकडे प्रत्येक गावात पिण्याच्या पाण्याचा झरा वाहता ठेवलेला असतो. केदारने सहा लिटर पाणी ऑस्ट्रियाभर हिंडवून आणलं.

* * *

रस्ता मात्र काय सांगू! मोठा हायवे डोंगरातल्या बोगद्यातून नेलाय, त्यामुळे गाड्या सगळ्या तिकडे. तळ्याच्या काठाचा जुना रस्ता आम्हाला, गाईंना आणि एका दुधाच्या टँकरला मोकळा. इतकं शांत की चेनचा आवाज ऐकू यावा.

तासाभराने एका वळणानंतर सायकल जड झाली. मी उभा राहून पेडल मारतोय, अण्णा मागून जोर लावतायत, आणि आम्ही जागच्या जागी!

"मिलिंद, वारा कुठून येतोय?"

"वारा नाहीये, अण्णा."

"मग एवढं जड का लागतंय? ब्रेक घासतोय का?"

"अण्णा, हा चढ आहे."

"अच्छा! म्हणजे खरा चढ हा असतो." मग कतारमध्ये कधीच न वापरलेला गिअर टाक म्हणाले.

* * *

दोन दिवस असे गेले. पहिलं तळं झालं, दुसरं झालं. मी पुढून न थकता सांगत होतो. "अण्णा, डावीकडे तळं." "कसं आहे?" "मोठं आहे." "रंग?" मी म्हणायचो निळा, केदार म्हणायचा हिरवा, आणि आमचं भांडण मिटेपर्यंत तळं मागे पडायचं. चालत्या सायकलवरूनच फोटो काढले, पुऱ्या खाल्ल्या, मजा आली. निदान मला तसं वाटत होतं.

दुसऱ्या संध्याकाळी अण्णा गेस्टहाउसच्या बाकावर एकटेच बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो.

"मिलिंद, रागावू नकोस," ते म्हणाले. "माझं वर्तुळ केवढं, तर तुझ्या पाठीएवढं. मान वळवली की झाडं पळतात, काही धरता येत नाही. दोन दिवस झाले, मला फक्त तुझी पाठ दिसलीय. तुझी पाठ मला पाठ झालीय रे!"

म्हणाले आणि हसले. मला हसता येईना. एवढ्या लांब आणलं, आणि दाखवलं काय, तर माझी जर्सी! लाज वाटली, रडूही आलं. खोटं कशाला बोलू? आता एकच दिवस उरला होता, आणि एकच तळं.

* * *

ते तिसरं तळं सगळ्यांत आतलं. तिन्ही बाजूंनी डोंगर, चौथ्या बाजूला गाव आणि लाकडी धक्का. आम्ही पोचलो तेव्हा ऊन लख्ख होतं, वारा अजिबात नव्हता. मी सायकल भिंतीला लावली आणि अण्णांना कठड्याशी उभं केलं. रात्रभर डोक्यात घोळत होतं ते विचारून टाकलं.

"अण्णा, तुमच्या ऑफिसात अख्ख्या प्लँटचं ड्रॉइंग एका कागदावर मावतं का?"

"वेडा आहेस का? शीट पाडाव्या लागतात. एक संपते तिथे रेघ मारायची, तिथून दुसरी सुरू."

"मग तळ्याच्या शीट पाडा. आज घाई नाही. कुठेही जायचं नाहीये."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. दोन्ही हात कठड्यावर ठेवले आणि मान पार डावीकडे नेली.

"लिही रे केदार. शीट एक. चर्च. टोकदार मनोरा, घड्याळ आहे, बंद पडलंय."

केदार फोनवर टिपायला लागला.

"शीट दोन. लाकडी घरं, तीन. खिडक्यांत लाल फुलं. शीट तीन. नाव, दोरीला बांधलेली. आत कुत्रा झोपलाय!" कुत्रा आम्हा दोघांनाही दिसला नव्हता. "शीट चार. डोंगर. वर बर्फाचा एक तुकडा राहिलाय. आणि खाली पाण्यात तोच डोंगर, उलटा."

अण्णांचा आवाज बदलत गेला. लहान मुलासारखे भराभर सांगत होते. एकेका शीटला दोन दोन मिनिटं. येणारेजाणारे बघत होते, आम्हाला पर्वा नव्हती. पाच, सहा, सात. सगळं तळं हळूहळू जोडलं जात होतं.

तेवढ्यात वहिनींची बस आली. त्या बॅगा घेऊन धक्क्यावरच्या बाकाशी पोचल्या आणि पुऱ्यांचा डबा उघडला, तोच पाण्यातून एक भलामोठा हंस वर चढून आला. वहिनी डब्याचं झाकण घेऊन त्याच्यासमोर उभ्या! "हड्! हड् म्हणते ना!" केस वाऱ्याशिवायच विस्कटलेले, ओढणी एका बाजूला, गळ्यात अण्णांचं जॅकेट बाह्यांनी बांधलेलं.

"शीट आठ," अण्णा म्हणाले, आणि थांबले.

केदारचा अंगठा फोनवर तसाच. "आठमध्ये काय, अण्णा?"

हंस पाण्यात उतरला. वहिनींनी केस मागे घेतले, झाकण लावलं, आणि त्यांचं आमच्याकडे लक्ष गेलं.

"अहो, माझ्याकडे काय बघताय?" त्या तिथूनच ओरडल्या. "तळं तिकडे आहे!"

अण्णांनी मान हलवली नाही.

जरा वेळाने मी हळूच म्हटलं, "अण्णा, पुढची शीट?"

"थांब रे," अण्णा म्हणाले. "ही अजून चेक होतेय."